ताणलेलं रबर

“आधी तू लाव,” थोरली म्हणाली.

धाकटी जाऊ मलमाची बरणी पुढे करून तशीच उभी राहिली. “मी? माझ्या तोंडाला काय झालंय, ताई?”

“काही झालं नाही, तेच म्हणते मी.”

गच्चीवर ऊन रणरणत होतं. थोरली पत्र्याच्या सावलीत बसली होती, तरी तिचे गाल, मान आणि कोपरापर्यंतचे हात लालभडक झाले होते. सकाळी बरं असायचं. दुपार चढली की खाज सुटायची, कातडी कोरडी पडून ओढल्यासारखी व्हायची. आणि त्याच घरात राहून, तेच पाणी अंगावर घेऊन, तेच ताटात वाढून घेऊन धाकटीच्या तोंडावर साधी पुटकुळी नाही. याला कोणी योगायोग म्हणत असेल तर म्हणो बापडं. मलम धाकटीच घरी करायची, आणि विषाची परीक्षा किती दिवस पाहायची? थोरलीने ते लावणं बंद केलं. खाज उलट वाढली. तेही तिने धाकटीच्याच नावावर टाकलं.

धाकटीने बोटभर मलम काढून दोन्ही गालांना चोळलं, मानेला चोळलं. “झालं समाधान?”

थोरली तिच्या गालांकडे टक लावून बघत राहिली, गॅसवरच्या दुधाकडे बघावं तशी. काही उतू गेलं नाही.

“डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय ना तुम्हाला?” धाकटी म्हणाली. “मोठ्या रस्त्यावरच्या गाड्यांचा धूर, त्यावर हे असलं ऊन, की हवेत ओझोन तयार होतो. दिसत नाही, पण कातडीवरचं तेल खातो. दुपारी वर बसू नका, खिडक्या लावून खाली बसा. ताणलेलं रबरसुद्धा टिकत नाही म्हणाल्या त्याच्यापुढे.”

“हवेला काय दात असतात? आणि ओझोन आपल्याला वाचवतो, हे शाळेत शिकलेय मी.”

“तो वर आभाळातला. लांब असतो तोवर चांगला, अंगाशी आला की त्रास.”

“म्हणजे जावेसारखाच की!”

धाकटी हसली नाही. थोरलीलाही हसायचं नव्हतं. ती डॉक्टरीण धाकटीनेच शोधून काढली होती, आणि तपासता तपासता दोघी कशावरून तरी खुदकन हसल्या होत्या. थोरलीचं लक्ष होतं.

शिवाय मलम एकटं असतं तर एक वेळ सोडून दिलं असतं. दोघी घरी हेअरबँड बनवायच्या. फळीवरच्या खिळ्यांत रबर ताणून अडकवायचं, वर कापडी फूल चिकटवायचं, आणि ते पक्कं वाळेपर्यंत रबर तसंच ताणलेलं ठेवायचं. थोरलीची फळी गच्चीवर, फुलांचा रंग उडू नये म्हणून सावलीत. धाकटीची खाली, मधल्या खोलीत. हल्ली दुकानदार माल परत पाठवायचा तो नेमका थोरलीचा. रबर आणायची धाकटी. चांगलं स्वतःला, कुजकं जावेला, आणखी काय! आज संध्याकाळी नवरा घरी आला की थोरली सांगणार होती: चूल वेगळी करा, एका छपराखाली आता जमायचं नाही.

मात्र नुसतं सांगून भागत नाही, पुरावा लागतो. म्हणून तिने मागच्या आठवड्यात एक चलाखी केली होती. आपल्या वाटणीचा गठ्ठा फोडून त्यातली निम्मी रबरं गुपचूप धाकटीच्या डब्यात घातली होती आणि तिची आपल्याकडे घेतली होती. आता दोघींच्या फळ्यांवर थोरलीच्याच हातची सरमिसळ होती. कुजकं रबर आज धाकटीच्या फळीवर पटापट तुटणार होतं.

“तुझी फळी आण वर,” ती म्हणाली.

धाकटी फळी घेऊन आली आणि कठड्याशी जाऊन पाठमोरी उभी राहिली.

थोरलीने तिच्या फळीवरचं एक रबर ओढलं. ते लांबलं आणि परत आलं. दुसरं ओढलं, तिसरं ओढलं. ओढतच राहिली. एकही तुटलं नाही.

मग तिने आपल्या फळीवरचं ओढलं. पट्कन तुटलं. शेजारचंही. तिने चष्मा लावून तुकडा डोळ्यांजवळ धरला. रबरावर आडव्या बारीक भेगा होत्या, जवळजवळ, सगळीकडे. तो तुकडा तिच्या हातावर पडला, तेव्हा खाली कातडीवरही तशाच भेगा दिसल्या.

गठ्ठे तिने स्वतः मिसळले होते. ऊन दोन्ही फळ्यांवर पडलं नव्हतं. फरक एकच होता, आणि तो या क्षणीही तिच्या गालांना चावत होता.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुटलेली रबरं तिने पदराखाली लपवली. खालच्या रस्त्यावरून गाड्या एकामागून एक चालल्या होत्या.

“अगं,” ती म्हणाली. “उद्यापासून मीही खालीच बसते, तुझ्या शेजारी. आणि ते मलम... मानेला मागून लाव जरा. माझा हात पोचत नाही.”

धाकटी वळली. डोळे पुसून जवळ आली, बरणीचं झाकण काढलं. थोरलीने मान पुढे वाकवली आणि वाट पाहिली. मानेला काहीच लागेना, म्हणून तिने वर बघितलं.

धाकटी बोटावरचं मलम आधी स्वतःच्या गालाला लावत होती. थोरलीला नीट दिसेल असं. मग तिने दुसरं बोट भरलं.