भिंत आणि दोरा

"श्वास सोड, एमना. गुडघे सैल. मी अजून हातसुद्धा लावलेला नाही."

सोंदुस हे तिसऱ्यांदा सांगत होती. एमना चादर पांघरून उताणी पडली होती, मुठी आवळून छताकडे पाहत. लग्नाला चौदा महिने झाले होते. नवऱ्याने जवळ यायचा अवकाश, की तिचं अंग आतून मिटून जाई आणि कळ अशी उठे की डोळ्यांपुढे काजवे चमकत. नवरा स्वभावाने गरीब. तो मुकाट्याने बैठकीत झोपू लागला होता. त्याची आई मात्र 'कोर्टात जाऊन मोकळे व्हा' म्हणू लागली होती. बायकांच्या डॉक्टरिणीने तपासून सांगितलं, हिच्यात खोट काही नाही, स्नायू आपोआप आवळले जातात; आणि कैरुआनहून इथे सूसला, सोंदुसच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात पाठवलं. आजची चौथी खेप. सोबतीला आलेली आई बाहेर बाकावर बसली होती, वाटेत बाजारात घेतलेल्या पुड्या मांडीवर घेऊन.

सोंदुसने हातमोजा चढवला. एमनाचे ओठ हलू लागले.

"काय पुटपुटतेस?"

"काही नाही, डॉक्टर. लहानपणचं गाणं आहे. भीती वाटली की आपोआप तोंडात येतं. परीक्षेत, इंजेक्शनच्या वेळी." ती ओशाळून हसली. "तो जवळ आला तरीसुद्धा."

"मोठ्याने म्हण बघू."

"मी भिंत, लोकांचा लेक दोरा. मी भिंत, लोकांचा लेक दोरा."

सोंदुसचा हात जागच्या जागी थांबला. तिने हातमोजा काढून टाकला आणि चादर उजव्या गुडघ्यावरून जराशी सारली. गुडघ्याच्या वर बारीक पांढऱ्या रेघा होत्या, एकीखाली एक. सात.

"हे कशाने झालं?"

"पडले होते. सहा वर्षांची असताना, अंगणातल्या फरशीवर. आई सांगते."

"फरशी अशी मोजून कापत नाही, बाई." सोंदुसने चादर पुन्हा गुडघ्यावर ओढली. "माझी आजी गफ्सा गावात हेच काम करायची. ब्लेडने सात चिरा. त्या रक्तात बुडवलेले सात बेदाणे पोरीने एकेक करून खायचे आणि दर बेदाण्याला तुझं हे गाणं म्हणायचं. याला पोरीला बंद करणं म्हणतात. ती भिंत आणि कुणाचाही लेक तिच्यापुढे लुळा दोरा, लग्नापर्यंत कुणी तिला हात लावू शकू नये म्हणून. लग्नाआधी तिच्याकडून उलटं म्हणवून घेतात, की उघडली."

एमना ताडकन उठून बसली. बेदाणे! सणाला रव्याचा गोड मसफूफ करतात, त्यातले बेदाणे वेचून ताटाच्या कडेला लावते म्हणून सगळं घर तिची थट्टा करी. नुसते दिसले तरी तिला उमासा येई. का, ते तिला कधीच कळलं नव्हतं. आता जिभेवर चव आली, गोड आणि लोखंडासारखी.

"म्हणजे मी मंतरलेली आहे?"

"मंतर कसला आलाय? तुझ्या अंगाला सहाव्या वर्षी ब्लेड दाखवून एक धडा पाठ करून घेतला. ते बिचारं अजून इमानाने घोकतंय. शिकवलेलं विसरवता येतं. वेळ लागेल, पण येतं."

एमनाने कपडे चढवले आणि बाहेर आली.

"आज लवकर झालं?" आईने विचारलं.

एमनाने झगा गुडघ्याच्या वरपर्यंत उचलला. समोरच्या दोन बायकांनी माना फिरवल्या.

"आई, मी फरशीवर पडले होते ना?"

तिच्या आईने, मबरूकाने, आधी त्या बायकांकडे पाहिलं, मग लेकीकडे. "हळू बोल गं. कुणाला नाही केलं बंद? मला केलं, माझ्या आईला केलं. तुझ्याच भल्यासाठी केलं."

"मग उघडलं का नाहीस?"

"उघडलं की! मेंदीच्या दिवशी तू केस करायला गेली होतीस. म्हटलं, शिकलेली पोर, आपल्याला हसेल. तुझ्या जागी मीच बसले. सातदा म्हटलं, मी दोरा, लोकांचा लेक भिंत." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "आईने म्हटलेलं चालत नाही का गं?"

चौदा महिने ती स्वतःला दोष देत होती आणि आई मनोमन निश्चिंत होती. तिला आईच्या गळ्यात पडावंसं वाटलं आणि तिला गदागदा हलवावंसंही वाटलं. तेवढ्यात तिची नजर मांडीवरच्या पुड्यांकडे गेली. चहा, मेंदी आणि वर एक छोटी पारदर्शक पिशवी.

"घरात मी बेदाणे खात नाही. बाबांना गोड बंद आहे. हे कुणाला?"

मबरूकाने पिशवीवर हात ठेवला. "मैसा सहाची झाली ना आता. शाळेत जाते. शुक्रवारी बंद करणारी बाई येणार आहे. तुझी वहिनी हो म्हणालीय."

मैसा म्हणजे भावाची धाकटी. परवाच तिने दात पडल्याचं फोनवर ओरडून सांगितलं होतं.

एमनाने आईच्या हाताखालून पिशवी ओढली, दातांनी फाडली आणि बेदाणे मूठभर तोंडात कोंबले. पोटातून उमासा आला. तिने तो गिळला आणि पुन्हा मूठ भरली.

"अगं, वेडी झालीस का? तुला सोसत नाहीत ते!"

डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी ती चावत राहिली. तिने पिशवी उलटी करून झटकली.

"वहिनीला सांग," ती भरल्या तोंडाने म्हणाली, "मैसाच्या वाटणीचे आत्याने खाल्ले."