सुंबरपेलेममधलं विकाऊ घर

"'शांत, निवांत गाव' असं लिहू?" विनार्तीनं विचारलं.

"लिही की! तरणी माणसं सगळी परदेशी कामाला गेली, मागं उरलो म्हातारे न् कोंबड्या. निवांत नसेल तर काय असेल?" पाक सारिजो म्हणाला.

विनार्तीला हसू फुटलं. ती जावा बेटावरल्या सुंबरपेलेमच्या गावकचेरीत कारकून. पाहुण्यांनी यावं, शहरातल्या पैसेवाल्यांनी इथं घरं-जमिनी घ्याव्यात, म्हणून गावाची ओळख इंटरनेटवर टाकायचं फर्मान गावप्रमुखानं काढलं होतं. सारिजो, ज्याला सगळे आदरानं 'पाक' म्हणजे बाबा म्हणत, सकाळपासून तिच्यासमोर ठाण मांडून बसला होता. म्हातारा भलता खरं बोलणारा. तिनं 'चांगला रस्ता' लिहिलं की हा म्हणे, "पावसाळ्यात कसला रस्ता? चिखल म्हण." झऱ्याचं पाणी तेवढं त्यानं मान डोलवून मंजूर केलं.

"आता खाली माझं घर घाल. विकायचंय," तो म्हणाला.

विनार्तीची बोटं थांबली. "पाक, शुद्धीवर आहात ना? सागाचा खांब न् खांब तुम्ही स्वतः तासलाय."

"म्हणून तर गिऱ्हाईक मिळेल."

"आणि रुसमिनीला विचारलंत?"

"तिला कळता कामा नये. माझं नाव घालू नकोस. नुसता फोटो घाल."

रुसमिनी त्याची एकुलती एक लेक. अकरा वर्षं तैवानात, एका लुळ्या म्हाताऱ्याला न्हाऊ-माखू घालायच्या नोकरीवर. दर रविवारी तिचा फोन यायचा. "बापाक, जेवलात का?" "जेवलो." आपला बाप टाकून आपण परक्याच्या बापाची सेवा करतो, हे तिला खुपायचं. आपल्या पोरीचा हात परक्याच्या तोंडी घास भरवतो, हे त्याला. पण दोघं त्यावर चकार शब्द काढत नसत. आम्हा जावातल्या माणसांची रीतच ती, आपलं दुखणं दुसऱ्याच्या पानात वाढायचं नाही.

"तालुक्याच्या बाजारात खाणावळ टाकण्यापुरतं भांडवल जमलं की कायमची येते," एवढंच ती म्हणायची. कधी जमणार विचारलं, की "बघू." चार वर्षं हे बघूच चाललं होतं. आता महिनाअखेर तिचा करार संपत होता. नव्या करारावर एकदा सही झाली, की तीन वर्षं माघारी फिरणं नाही. आई वारली तेव्हासुद्धा तिला येता आलं नव्हतं. सारिजोला त्र्याहत्तरावं लागलेलं. आणखी तीन वर्षं काढायची म्हणजे पोर परत दिसेल की नाही कोण जाणे.

म्हणून घर विकायचं, पैसे तिच्या हातात ठेवायचे आणि बाजारात खाणावळीच्या मागं खोली घेऊन बापलेकीनं राहायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

"आणि फोटो तिनं पाहिला तर?" विनार्ती म्हणाली.

"अगं, तिला तिथं मान वर करायला फुरसत नाही. ती आपलं गाव कशाला बघत बसतेय!"

फोटोखाली नंबर दलाल हार्तोयोचा दिला होता. तीन आठवड्यांनी तो फटफटीवरून आला. गुडघ्यापर्यंत चिखल आणि चेहऱ्यावर हसू.

"पाक, नशीब काढलंत! गिऱ्हाईक लागलं. सांगितला तो भाव कबूल, घासाघीस नाही."

"घर बघायला कधी येणार?"

"येणारच नाहीत. नावही सांगायचं नाही म्हणे, फोटो पाहिला तेवढा पुरे. पण प्रश्न तरी काय विचारावेत! जमीन किती, कागद कसे, काही नाही. म्हातारा घर का विकतोय, आजारी आहे का, दोन्ही वेळ जेवतो का!"

"मग तू काय सांगितलंस?"

"खरं तेच. म्हटलं, कारण सांगत नाही, पण घायकुतीला आलाय. महिनाअखेरच्या आत पैसे हवेत म्हणतो. वाळलाय पण."

"बरं केलंस," सारिजो म्हणाला. गरजू दिसल्यानं भाव पडला नाही, याचंच त्याला नवल वाटलं.

महिना संपायला दोन दिवस असताना पैसे त्याच्या खात्यात जमा झाले. पक्के कागद पुढच्या महिन्यात व्हायचे होते. तूर्त गिऱ्हाइकाच्या वतीनं हार्तोयोनं पावती पुढं केली आणि सारिजोनं अंगठा उठवला.

"आणि एक अट आहे, पाक."

सारिजोनं अंगठा पुसता पुसता वर पाहिलं. एवढं सरळ होतंय म्हणजे पाणी कुठंतरी मुरतंय, हे त्याला वाटतच होतं.

"घर तुम्ही सोडायचं नाही. जिवात जीव आहे तोवर इथंच राहायचं. भाडंबिडं काही नाही."

सारिजोनं हार्तोयोचे दोन्ही हात धरले. डोळे पुसायचं भानही त्याला राहिलं नाही. "अल्लाची करणी रे बाबा! या जगात अशीही माणसं आहेत!"

रविवारपर्यंत थांबायचा धीर कुणाला होता? त्यानं तिथल्या तिथं रुसमिनीला फोन लावला.

"पोरी, नीट ऐक. त्या करारावर सही करू नकोस. भांडवल जमलं! मी घर विकलं. तुला आधी सांगितलं असतं तर विकू दिलं नसतंस. तू ये, खाणावळ टाक. आणि गंमत ऐक, घेणाऱ्यानं मला घरातनं हलवलंसुद्धा नाही!"

त्यानं फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"रुसमिनी? ऐकतेस ना?"

"बापाक," ती कशीबशी म्हणाली, "मला वाटलं, तुमचे खायचे वांधे झालेत."

"छे गं! मला काय धाड भरलीय?"

"भांडवल जमलं होतं, बापाक. तिकीटही काढलं होतं. मग आपल्या घराचा फोटो दिसला... घर मीच घेतलंय. पैसे कमी पडत होते, म्हणून मालकाकडून उचल घेतली आणि काल नव्या करारावर सही केली."