हिरड्यांतला सुहास

वृषालीच्या हिरड्यांची वार्षिक तपासणी असली की तिच्या सासूबाई, मालतीबाई, आवर्जून सोबत यायच्या. जवळच्या माणसाचे जिवाणू आपल्या हिरड्यांत वस्ती करतात, आणि ज्याची नोंद आहे त्याचेच ते आहेत का, हे आता यंत्र सांगत असे. मालतीबाईंचा मुलगा सुहास आजारपणात गेला, त्याला तीन वर्षं झाली होती. तरी बायकोच्या हिरड्यांत तो अजून थोडासा सापडायचा. तेवढं ऐकून मालतीबाई समाधानाने घरी जायच्या.

यंदा डॉक्टर म्हणाले, "सुहासचे जिवाणू आता राहिले नाहीत. दुसऱ्या कोणाच्या तरी जिवाणूंनी ती जागा घेतलीय. हिरड्या मात्र निरोगी आहेत."

ते किरणचे होते. त्याच्याबद्दल वृषालीने घरी अवाक्षर काढलं नव्हतं. उरलासुरला सुहास आपणच घालवला, असं वाटत ती खुर्चीवरून उठली.

बाहेर मालतीबाईंनी विचारलं, "आहे ना गं अजून?"

हो म्हणणं सोपं होतं, पण तिला खोटं बोलवेना. "नाही, आई. आता दुसरं कोणी आहे."

मालतीबाईंनी हलकेच विचारलं, "तब्येतीने धडधाकट आहे ना तो?"

वृषालीने होकारार्थी मान हलवली. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.