फट

जेवता जेवता आईच्या रिकाम्या खुर्चीवरून हात लांब करून मी बाबांसमोर मोबाइल धरला. पडद्यावर माझ्या प्रयोगशाळेतली काचेची डिश होती. पेशींच्या सलग थरावर मी पिपेटच्या टोकानं ओरखडा काढला होता. रात्रभराचं चित्रण अर्ध्या मिनिटात पळालं: दोन्ही काठांवरच्या पेशी वळल्या, सरकत आल्या आणि फट बुजली.

"जागा कुठं रिकामी झाली, हे त्यांना कोण सांगतं?" आई गेल्यापासून "मीठ दे"च्या पलीकडं बाबा पहिल्यांदाच काही बोलले.

"एक इवलंसं प्रोटीन. आईच्या कॅन्सरच्या गाठीत तेच बंद व्हायचं विसरलं होतं."

"आणि ते नसलंच तर?"

मी दुसरा व्हिडिओ लावला. या डिशमधलं प्रोटीन मी काढून घेतलं होतं. पेशी जिवंत होत्या, हलतही होत्या. पण कुणीकडं जायचं ते एकीलाही कळत नव्हतं. फट शेवटपर्यंत तशीच राहिली.

"ही डिश म्हणजे आपण," बाबा म्हणाले. ताट उचलून ते बंद टीव्हीसमोर जाऊन बसले.

मी आईच्या खुर्चीवर सरकले. तिथून त्यांची नुसती पाठ दिसत होती.