सूर्य पाठीला

प्रीतीने काउंटरवरचे फोटो परत एकदा पत्त्यांसारखे मांडले आणि परत गोळा केले.

"चंदरभाई, ह्यात हे कुठायत?"

"कोण ताई?"

"हे. आमचे."

चंदरने चष्मा कपाळावर चढवला. उल्हासनगर कॅम्प दोनची लाइट गेलेली. फुटपाथवर दुकानादुकानाचे जनरेटर धडधडत होते, त्यामुळे स्टुडिओत साधं बोलणंही भांडणासारखं वाटत होतं. "मिलिंद? तो कसा असेल? फोटो काढणारा फोटो में कैसे आयेगा?"

फोनवर मिलिंदही हेच म्हणायचा. बहरीनला एसी दुरुस्तीचं काम. शुक्रवारी सुट्टी, मग संध्याकाळी कॅमेरा गळ्यात अडकवून गल्ल्या हिंडायच्या. आता अंबरनाथच्या एका दोस्ताबरोबर त्याने सीडी धाडली होती. त्यात काय, तर भट्टीतल्या परातीएवढ्या रोट्या पेपरात गुंडाळून नेणारा म्हातारा. मोटारीच्या टपावर निजलेलं मांजर. शिंप्याच्या दाराशी वाळत टाकलेले पांढरे झगे. कबुतरं. कामाच्या निळ्या डांगरीत, कठड्यावर ओळीने बसून बसची वाट बघणारी माणसं. परमुलखाचं ऊन, परमुलखाची दारं, आणि आपल्या दारचं माणूस तेवढं नाही.

"होते," प्रीती म्हणाली. "सगळ्या फोटोंत होते. इथं. खाली."

तिने मांजराच्या फोटोवर बोट ठेवलं. बोटाखाली नुसता रस्ता होता. धुतल्यासारखा.

चंदरचा चेहरा उजळला. "ती सावली! ती काढून टाकली ना मी. सगळीकडे पुढ्यात काळं काळं, फॉल्ट असतो तो. एकेक फोटो घेऊन साफ केला. घरचे समजून केलं, ताई." मग तो जरा ओशाळला. "गलती माझीच होती. जाताना मीच त्याला सांगितलं, बेटा, सूरज पाठीला घे, फोटो उजळ येतो. शाम को सावली लांब पुढे पडते, ते सांगायचं राहून गेलं."

प्रीतीला ओरडायचं होतं. पण ज्याने जीव लावून काम केलं त्याच्यावर ओरडणार कसं? तिने पदराच्या टोकाने काउंटरची काच पुसली, उगाचच.

स्टुलावर उभी राहून पायल एकेक फोटो डोळ्यांजवळ नेत होती. "ह्याच्यात नाय. ह्याच्यात पण नाय. मम्मी, पप्पा गेला?"

सीडी आली त्या दिवशी प्रीती तिला मांडीवर घेऊन सायबर कॅफेत बसली होती. रस्त्यावर आडवी पडलेली लांब सावली. कोपरं दोन्हीकडे बाहेर, मधे डोकं, दोन कड्यांच्या हंड्यासारखी. 'हा बघ पप्पा,' ती म्हणाली आणि पायलने पडद्यावर गालच टेकवला. तेव्हापासून घरात एकच धोशा, पप्पा कागदावर कधी येणार.

"एक काम करू," चंदर म्हणाला. "शादीतला फोटो द्या. मी बसवतो. सूटमधला मिलिंद, पीछे बहरीन. कोणाला कळणार पण नाही."

"हिला कळेल. शादीतल्या कोटवाल्याला ही 'मम्मीचा नवरा' म्हणते. पप्पा म्हणत नाही."

चंदर खळखळून हसला. प्रीती हसली नाही, तसा तोही थांबला. त्याने सीडी परत कॉम्प्युटरात सरकवली. पडद्यावर मांजर उमटलं, मोटार उमटली आणि खालून, रस्ता अडवून, ती सावली.

"आला!" पायलने टाळी वाजवली.

"ले. आता असाच्या असा काढून देतो. सावलीसकट. बस?"

प्रीती बघत राहिली. मांजर किती जवळ होतं त्याच्या. सावलीचं डोकं मोटारीच्या चाकाला लागलं होतं. त्या मांजराने त्याच्या चपलांचा आवाज ऐकला असेल. त्या म्हाताऱ्याने हात केला असेल. शिंप्याने विचारलं असेल, काय रे, जेवलास का? सगळ्या गावाला तो दिसत होता, आणि ते गाव इथवर आलं होतं, गठ्ठ्याने.

"असाच नको," ती म्हणाली. "तुम्हाला साफ करता येतं ना? मग हे साफ करा. मांजर काढा, मोटार काढा, तो सगळा रस्ता काढा. हे तेवढे ठेवा."

चंदरने माउसवरचा हात उचलला. "ताई, सावली हवेत कशी ठेवू? पडायला जमीन तर पाहिजे."

त्याच्या मागच्या भिंतीवर गिऱ्हाइकांना निवडायला नमुने लावले होते. बर्फाचे डोंगर, कारंजी, कुणाच्या तरी बंगल्याचा जिना. प्रीतीने सगळे बघितले.

"आमच्या ओट्याची टाका. हेंद्रेपाड्याची. लाल कोबा आहे. एका बाजूला चीर गेलीय, तिथे पाणी साचतं. दाराला लागून हिच्या चपला असतात. त्यांच्यापर्यंत डोकं येऊ दे."

"होऊन जाईल," चंदर म्हणाला. "ओट्याचा एक फोटो काढून आणा फक्त."

प्रीतीने पायलला स्टुलावरून खाली उतरवलं. फोटो पाकिटात घातले, पाकीट पिशवीत.

"कॅमेरा ह्यांच्याकडे आहे," ती म्हणाली.