पुढच्या डाव्या दांड्याची जागा

देवळाच्या दारात पाऊल टाकलं आणि कासिल्दाच्या एप्रनच्या खिशातलं यंत्र बोंबलायला लागलं.

यंत्र कोर्टाने दिलेलं. नवरा एलॉय पाचशे मीटरच्या आत शिरला की ओरडायचं. एलॉयच्या घोट्याला पट्टा, हिच्या खिशात भोंगा. एका हातात पालखीतल्या सान रोके संताच्या लाकडी कुत्र्यासाठी भाजून आणलेला पाव होता, म्हणून तिने दुसऱ्या हाताने खिसा दाबला आणि समोर बघितलं. समोर तिची सासू ओनोरिना आणि मिरवणुकीचा म्होरक्या अमान्सिओ. दोघांचे चेहरे दूध पिताना सापडलेल्या मांजरासारखे.

"कुठे लपवलाय त्याला?"

"लपवलाय कसला! तेलाच्या घाण्यामागे बसलाय बिचारा, माझ्या गाडीत," अमान्सिओ म्हणाला.

"मग काका, त्या बिचाऱ्याला फोन लावा आणि सांगा, गाडी मागे घे. हा भोंगा पोलिसांनाही ऐकू जातो. मागच्या वेळी दम देऊन सोडलं, आता थेट आत टाकतील."

अमान्सिओने घाईघाईत फोन लावला. जरा वेळाने खिसा गप्प झाला.

"हे बघ पोरी," ओनोरिनाने आवाज मऊ केला. "एका संध्याकाळचा तर प्रश्न आहे. बहिणीकडे जाऊन ये. अमान्सिओ सोडेल तुला. तू गावात नसलीस, की एलॉयला यायला कायद्याची आडकाठी नाही. पुढचा डावा दांडा त्याच्या आजोबांपासून आमच्या घरात आहे. तो नसला तर पालखी उठायची कशी?"

"म्हणजे हाड माझं मोडलं, आणि गाव सोडून मीच जायचं?"

"हळू बोल गं! घरातली गोष्ट नेऊन चव्हाट्यावर मांडलीस, आता आणखी ओरडतेस कशाला?"

कासिल्दाला हसूच फुटलं. हनुवटीनेच तिने पालखीतल्या संताकडे खूण केली.

"सासूबाई, वर बघा. हा बाबा झगा मांडीपर्यंत उचलून, वर बोट लावून, अख्ख्या गावाला स्वतःची जखम दाखवतोय. आज नाही, तुमच्या पणजीच्याही आधीपासून. तुम्ही त्याच्यापुढे मेणबत्त्या लावता. एकदा तरी म्हणालात का त्याला, झाक रे बाबा, घरातली गोष्ट आहे?"

पालखीच्या दांड्यांशी उभ्या असलेल्यांपैकी कुणीतरी फिस्सकन हसलं.

"आणि त्याच्या पायाशी कुत्रा बघा. गळ्यात पट्टा नाही, तरी चावत नाही."

आता सगळेच हसले. ओनोरिना लालबुंद झाली. कासिल्दा शांतपणे पुढे गेली, लाकडी कुत्र्याच्या तोंडात पाव बसवला आणि बाजूला उभी राहिली. जायची चिन्हं काही दिसेनात.

अमान्सिओने कपाळ पुसलं आणि डाव्या दांड्याला पोस्टमन बेनीतोला उभं केलं. बेनीतो ताकदीचा, पण उंचीने मार खाल्लेला. ही पालखी खांद्याच्या उंचीवर चालते. जोड्या मोजून लावतात, सगळ्यात उंच माणसं पुढे. अमान्सिओने लाकडावर ठोका मारला, पालखी उठली आणि लगेच डावीकडे कलली. सान रोके दारू पिऊन आल्यासारखा दिसायला लागला. कुत्र्याच्या तोंडातला पाव सुटला आणि गडगडत कासिल्दाच्या पायाशी आला.

"ठेवा, ठेवा! खाली ठेवा!"

बाहेर बँडवाल्यांनी तीच धून पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. लोक दारातून माना वाकवून बघायला लागले.

एलॉयच्या उंचीचं गावात दुसरं कोणी नव्हतं. होतं एकच. लग्नाच्या फोटोत फोटोग्राफरने एलॉयला विटेवर उभं केलं होतं, आणि तरी एलॉय कासिल्दाच्या कानात पुटपुटला होता, गुडघे वाकव. ते तिने वाकवले, आणि पुढे कितीतरी वर्षं ते सरळ करायचं तिला सुचलंच नाही.

कासिल्दाने पाव उचलला, फुंकर मारली आणि अमान्सिओच्या हातात दिला.

"धरा. बेनीतो, सरक जरा."

"वेडी आहेस का?" अमान्सिओ म्हणाला. "या पालखीला बाई कधी लागलेली नाही."

"मग बाबाला आज देवळातच झोपवा. मला काय!"

अमान्सिओने कललेल्या संताकडे बघितलं, दारातल्या गर्दीकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"खांदा कुठला देणार?"

"उजवा. डावा का नाही, ते यांच्या लेकाला विचारा."

तिने खिशातलं यंत्र काढलं, मग एप्रन सोडून घडी करून खांद्यावर ठेवलं. यंत्र सासूच्या हातात कोंबलं.

"हे सांभाळा. माझ्या बाजूनेच चाला. लेक जवळ आला, तर पहिल्यांदा तुम्हालाच कळेल."

ओनोरिना ते यंत्र तापलेल्या तव्यासारखं धरून उभी राहिली. टाकावं तरी पंचाईत, धरावं तरी पंचाईत.

ठोका पडला. कासिल्दा गुडघ्यातून उठली. पालखी वर आली, डावीकडे कलली नाही. उलट डावा कोपराच बोटभर वर गेला. सान रोके झगा उचलून दाराबाहेर आला आणि अख्ख्या चौकाला त्याची मांडी दिसली.

"कासिल्दा," उजव्या दांड्याचा माणूस कुजबुजला, "माझ्या खांद्याला दांडा लागतच नाहीये. जरा वाक की!"

कासिल्दाने समोरची नजर हलवली नाही.

"तू टाचा उचल."