बालाघाटचं स्थळ

गोंदियातल्या दुकानात जुना, रीळवाला रेंजफाइंडर कॅमेरा विकायला होता. गोंदियाजवळच्या गोरेगावात आमच्या यांचा फोटो स्टुडिओ होता, तेव्हा यांच्याकडे होता, अगदी तसाच.

"दिवाळीत पाहू न आई, आता रीळ तरी कुठं भेटते?" मुलगा रोशन म्हणाला.

पण यांचं विसरणं दिवाळीसाठी थांबणार नव्हतं. आज सकाळी यांनी मलाच विचारलं, "बाई, तुम्ही कोणाच्या घरच्या?" मी तशीच बस पकडली आणि कॅमेरा घेऊन आले.

यांनी तो डोळ्याला लावला. आत दिसणारे माझे दोन चेहरे एकावर एक येऊन फोकस जुळेपर्यंत सराईतपणे रिंग फिरवली.

"मान थोडी वर करा, बाई. बालाघाटच्या पोराले पाठवाचा आहे न फोटो?"



"हो," मी म्हणाले. "पण मागच्या वेळेसारखा तुमच्याकडेच ठेवून घ्या."